खांद्यावरचा हात

नचिकेत नवरोबा,

ऑस्ट्रेलियातल्या तुझ्या त्या आडरानातल्या खाणगावाचा इतिहास मला पाठ झालाय. पहिली विहीर, उंटवाले, बंद पडलेलं स्टेशन. फोनवर दुसरं काही बोलतोस कुठे? कुवेतमध्ये सहा वर्षं संसार केला आपण, रोज मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत ड्यूटीला जायचास, पण ते गाव कधी वसलं असं एकदाही विचारलं नाहीस.

काल म्हणालास, "वर्षभर राहिलं की म्युझियमच्या भिंतीवर फोटो लावतात. मी आता इथला झालो!"

मग त्या भिंतीचा फोटो पाठवलास. त्यावर लावलेला फोटो आपला, कुवेतच्या खैरान किनाऱ्यावरचा. मला कापलंस, पण तुझ्या खांद्यावर माझा हात राहिलाय. खाली नाव फक्त तुझं.

माझा व्हिसा आलाय. ते सांगणार नाहीये, हे पत्रही पाठवणार नाहीये. येताना मार्कर आणते. त्या हाताखाली माझं नाव मीच लिहीन.

तुझ्या गावाची सवत,
क्षितिजा