तिसरी पिन

भाऊ, आधी एक दुरुस्ती करते. मागच्या उन्हाळ्यात तुम्हाला लिहिलं होतं की आपल्या गल्लीत तुमच्या हातचे कूलर अजून चालू आहेत आणि त्यांचा कुणाला कधी काही त्रास झालेला नाही. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मी कुणालाही न विचारता लिहिली होती. यंदा विचारलं. त्या कूलरना करंट येतो, भाऊ. सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यात सांगण्यासारखं काही कुणाला वाटलं नाही, इतकंच. तुम्ही वारलात तेव्हा तुमची ही लेक सहावीत होती. तुमच्याबद्दल जे काही लिहिते ते पुष्कळसं त्या वयाच्या आठवणीवर लिहिते, म्हणून चूक सापडली की ती खोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हे सगळं कळलं ते माझ्या पायामुळे. धुळ्याला ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथल्या जिन्यावर पडले, घोटा मोडला, प्लास्टर झालं, आणि डॉक्टरांनी दीड महिना घरी बसायला सांगितलं. आई येऊन मला जळगावला घेऊन आली. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. सकाळचे दहा वाजले की खिडक्या लावून घ्यायच्या, ओला पडदा सोडायचा आणि ऊन कलेपर्यंत बाहेरच्या दारालाही हात लावायचा नाही. मी पेपर तपासले, ते संपले. मोबाइल पाहून डोळे दुखले. मग पडल्या पडल्या पंख्याकडे पाहत गॅस बंद आहे का, टाकीचं झाकण लावलंय का, हे आईला इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, हाताला काहीतरी काम घे, नाहीतर मीच धुळ्याला जाऊन राहते.

म्हणून मागची, तुमच्या कामाची खोली उघडली. ती आईने भाड्याने दिलेली नाही. वर्षातून एकदा झाडते आणि कडी घालते. पत्रा कापायची कातर, लाकडी हातोडा, कानशी, रिव्हेटचा डबा, जस्ती पत्र्याचे उरलेले तुकडे भिंतीला टेकवलेले. मी स्टुलावर बसले, प्लास्टरचा पाय तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला आणि पहिल्यांदा कचरा भरायची सुपली केली. ती वाकडी झाली, कारण कड दुमडायला जागा सोडायची विसरले. शाळेत नाव घालायच्या आधी तुम्ही मला हेच शिकवलं होतं. बेरीज मी पाटीवर शिकलेच नाही, पत्र्यावर शिकले. मी टेपचं टोक धरून उभी आहे, तुम्ही खिळ्याने रेघ ओढताय आणि विचारताय, अठरा, नि दोन्ही बाजूले अर्धा अर्धा इंच, कितला व्हयनात? मी एकोणीस म्हणते आणि तुम्ही तो आकडा माझ्याकडूनच पत्र्यावर लिहून घेता. दुसरी सुपली सरळ झाली. मग खिडकीत चिमण्यांच्या पाण्यासाठी पसरट ट्रे केला, मग आईच्या पिठाच्या डब्याला झाकण. बोटं कापली, पण बरं वाटत होतं. पत्रा खोटं बोलत नाही, माप चुकलं की लगेच दाखवतो, आणि माझ्यासारख्या दहादा तपासणाऱ्या बाईला असं काम फार मानवतं.

त्यानंतर मी कूलरला हात घातला. टेबलावर मावेल एवढाच. आईचा जुना पंखा आत बसवला, पाण्याचा पंप आणि बाजूंना लावायचं गवत आईने बाजारातून आणलं. टाकीला आतून डांबर लावलं तेव्हा तिने नाक धरलं, पण खोलीतून गेली नाही. टाकी भरून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता. हे मी थोडं मिरवूनच सांगते आहे, कारण तुमच्या पहिल्या कूलरची टाकी गळली होती हे तुम्हीच मला सांगितलं होतं. बटण दाबलं, गवत भिजलं, गार वारा आला. आई समोर येऊन बसली आणि तिने पदर मागे टाकला. गवत बाजूने नीट भिजतंय का ते पाहायला मी पत्र्याला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी ओरडले. आई बसल्या जागेवरून म्हणाली, चप्पल घाल ना मग.

मी प्लग काढला आणि वायरमन येईपर्यंत परत लावला नाही. तो आला, त्याने आधी कूलर नाही, प्लग हातात घेतला आणि विचारलं, ताई, तिसरी पिन कुठे गेली? ती मीच काढली होती, भाऊ. दुकानातून आणलेल्या नव्या प्लगची वरची जाड पितळी पिन स्क्रू फिरवून काढली, हिरवी वायर मागे दुमडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. का, ते मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. तुमचे हात ते करताना मी इतक्यांदा पाहिले होते की कूलर करायचा म्हणजे हेही करायचं, असं माझ्या हातांनी धरूनच ठेवलं होतं. तेव्हा गल्लीतल्या बोर्डांना दोनच भोकं असायची, तीन पिनांचा प्लग त्यात बसायचा नाही आणि गिऱ्हाईक कूलर परत घेऊन यायचं. पितळ टाकून कसं द्यायचं म्हणून त्या पिना तुम्ही चहाच्या डब्यात साठवत होता. मला तो डबा खेळायला दिलात. पाच-पाचच्या रांगा लावून मी त्यांच्यावर पाढे शिकले. एक पिन म्हणजे बाहेर गेलेला एक कूलर, हे मला आत्ता कळतंय.

वायरमनने समजावून सांगितलं. पंपाची वायर ओली झाली की करंट पत्र्यात उतरतो. तिसरी पिन आणि तिच्या मागे जमिनीत गेलेली तार असेल तर तो तिकडून निघून जातो, नसेल तर हात लावणाऱ्यातून वाट काढतो. मग त्याने मागच्या दारी, मोरीचं पाणी जातं तिथे, खोल खड्डा घेतला आणि लोखंडी पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ भरलं. मीठ देताना आईने विचारलं, खायचं देऊ की जाडं? प्लगमध्ये तिसरी पिन परत बसली, बोर्ड नवा बसला, करंट गळला तर आपोआप बंद होणारं बटण बसलं, पंप बदलला. बल्ब लावून मी त्याला ती जमिनीतली तार तीनदा तपासायला लावली. चौथ्यांदा त्याने मी न सांगताच लावून दाखवला आणि हसला. त्यानंतर मी चांगला पाय अनवाणी जमिनीवर ठेवून पत्र्याला आधी हाताची मागची बाजू लावली, मग तळहात. काही नाही. आत्ता हे लिहिताना तोच कूलर माझ्या मानेवर वारा सोडतो आहे.

तुम्हाला यातलं विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, पत्रा मना, करंट वायरमनना, म्हणजे पत्र्याचं तेवढं माझं. मी ते उत्तर कितीतरी वर्षं समजूतदारपणाचं मानत आले. आता ते मला पुरत नाही. समोरच्या अक्कांकडे तुमचा सगळ्यात जुना कूलर आहे. मी कुबडी टेकत तिथे गेले आणि विचारलं, अक्का, याला हात लावला की काही होतं का? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थोडा करंट ते बठ्ठा कूलरले ऱ्हास बेटा. चप्पल घाल नि हात लाव." मी म्हटलं, सगळ्या कूलरना असेल, पण आखाजीच्या सणाला तुमची लेक माहेरी येईल, नात आता चालायला लागली आहे, ती चप्पल घालून फिरणार आहे का? तेव्हा त्यांनी भाजी खाली ठेवली. "तुना भाऊना हातना कूलर शे तो. वीस वरीस व्हई ग्यात, पंखासुद्धा बदला नही. आते तू त्यामा खोट काढी ऱ्हायनी का?" मी पाणी प्यायले आणि परत आले.

घरी आईला सांगितलं तर तिचंही तेच, फक्त आवाज खाली. आणखी कुणाकुणाकडे तुमचे कूलर आहेत ते तिला पाठ आहे, तिने घरं सांगितली आणि मग म्हणाली, "तू दारोदार जाऊन ते उघडशील. लोक तुला हुशार म्हणतील. आणि त्यांना काय म्हणतील?" ती तुमच्याबद्दल बोलताना अजून नुसतं ‘ते’ म्हणते. या गल्लीत तुमचं एवढंच उरलंय, चांगला कूलर करणारा माणूस. ते मी पुसायचं का, हा तिचा प्रश्न आहे, आणि तो साधा नाही. मी दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले. सुपलीच्या कडा विनाकारण घासत बसले.

घासता घासता मला चोपडा गावची फेरी आठवली. केळीवाल्या एका घरी तुम्ही धान्याची कोठी पोचवून आला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना, कळण्याची भाकरी हातात असताना, तुम्ही एकदम थांबलात. झाकणाच्या आतली एक धारदार कड घासायची राहिली होती. आई म्हणाली, त्यांनी काही तक्रार केली का? नाही केली. तुम्ही हात धुतलेत, पिशवीत कानस टाकलीत, मला बरोबर घेतलंत आणि आपण एसटीने चोपड्याला गेलो. त्या घरच्या काकूंना काही समजेना, त्या म्हणत होत्या, कोठी छान झालीय, बसा, चहा घ्या. तुम्ही कोठीत अर्धे वाकून कड घासता आहात, मी बाहेर केळीच्या पानाची झालर करते आहे. येताना मी विचारलं की त्यांना दिसलंच नव्हतं तर आपण कशाला आलो. तुम्ही खिडकीबाहेर पाहतच म्हणालात, "कोठीमा हात घालताना कोनी देखत नही." पुढे धरणगाव येईपर्यंत तुम्ही झोपलात.

आईला मी हेच सांगितलं. म्हटलं, त्यांना तिसऱ्या पिनेचं कुणी नीट सांगितलं असतं, तर गल्लीत पहिलं दार त्यांनीच वाजवलं असतं. वायरमनला फोन आईने स्वतः केला आणि बरोबर नेण्यासाठी नवे प्लग आणायला सांगितले. जिथे जमिनीत तार नाही तिथे आधी खड्डा, मग कूलर, असं आमचं ठरलं आहे. मी सगळ्यांना स्पष्ट सांगणार आहे की पत्र्याचं काम आजही पक्कं आहे आणि वायरिंगमध्ये चूक होती. दोन्ही वाक्यं सांगणार. एकच सांगितलं तर ते खरं होणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून माझ्याच बॅगेत ठेवीन, म्हणून एवढं तुम्हाला सांगून टाकते. अक्का रागावल्या तर मला सोपं जाईल, मला वाद घालता येतो. त्या नुसतं ‘कर बेटा’ म्हणाल्या, तर तुमच्या बोटांनी दुमडलेली हिरवी वायर मला माझ्या बोटांनी सरळ करावी लागेल, आणि त्याची तयारी मला अजून झालेली नाही. प्लास्टर शुक्रवारी निघतं. आखाजी सोमवारी आहे, लेकी रविवारपासून यायला लागतील. मी अक्कांकडे शनिवारी सकाळी जाते आहे.