कोपऱ्यातली माती

चंडीगड,
९ ऑक्टोबर १९८७

ती. आईंना विनयाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. रेडिओवर पंजाबच्या बातम्या ऐकून जीव टांगणीला लावू नका. तुमचे चिरंजीव अंधार पडायच्या आत घरी असतात. माझ्या उलट्या थांबल्या. आता सारखी भूक लागते आणि तुमच्या हातची भाकरी आठवते.

घट कसा उगवला, असं तुम्ही विचारलंत. पूजा छान झाली. शेजारच्या ग्रेवाल आंटींनी रोज माळेला झेंडू दिले.

रागावू नका आई. घट उगवलाच नाही.

बंदोबस्तामुळे शेतातली माती मिळेना. हे म्हणाले, "माझ्या साइटवरची आणतो की!" जुनं डिझेलचं वीजघर पाडून तिथे कामगारांच्या मुलांची बालवाडी व्हायची आहे. तेल मुरलेली माती ह्यांनी आधीच खणून काढायला लावली होती. झोपाळ्यांचा कोपरा तर तपासणीत पास झालेला. तिथलीच माती मोठ्या कौतुकाने पिशवीतून आणली. गहू फुगले आणि कुजले. पोटात बाळ, आणि देवीपुढे हे असं. मी खूप रडले. आंटी म्हणाल्या, "पुत्तर, दिल छोटा न कर." तुमच्याही मनात नको ते येईल, म्हणून लिहिलं नव्हतं.

ह्यांनी माती हुंगली आणि तसेच साइटवर गेले. कोपरा खोल खणला, तर खाली तेल. तपासणी वरवरच झाली होती. जमीन ताब्यात द्यायला ह्यांनी नकार दिला. साहेब भडकले, "अरे यार, बच्चों को मिट्टी थोड़े ही खानी है!"

हे म्हणाले, "सर, बच्चे मिट्टी ही खाते हैं."

पुण्याची बदली त्यातच गेली. आता काम पुरं होईपर्यंत इथेच. तू एकटी तरी निघून ये, असं तुम्ही लिहिलंत. नाही येणार मी. ह्यांना इथे ठेवून मला तिकडे घास गिळवणार नाही. पण भीती वाटते हो. बाळंतपणाची वाटते, बाहेरच्या वातावरणाचीही वाटते. माझी आई असती तर तिला हाक मारली असती.

तुम्ही या ना. ह्यांना पत्र दाखवलेलं नाही, आईला इकडे बोलावू नकोस म्हणाले असते. येताना परसातली पिशवीभर माती आणा. थोडे गहू उरलेत. नवरात्र सरलं तर सरलं, तुमच्या हाताने पेरू.

भीत भीत, पण हक्काने,
तुमची विनया