बांधाचा पहिला दगड

ता. ११ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस असं विचारत नाही. तू 'बरी आहे' एवढंच कळवशील. आम्ही ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आई त्याहून जास्त.

एक गंमत सांगते. हल्ली उन्हाळ्यात दुपारची ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या आपल्या घरच्या शिंपल्यांच्या पट्ट्यातली वाळू इतकी तापते की शिंपल्या आतल्या आतच मरतात. मागच्या वर्षी निम्म्या गेल्या. माझ्या डोक्यात किडा वळवळला: सगळ्याच का मरत नाहीत? मग थोड्या शिंपल्यांना नेलपॉलिश लावलं, तुझंच, कपाटात राहिलेलं. काही वर पुरल्या, काही आजीने रचलेल्या दगडी बांधाच्या पलीकडे, खाली समुद्राच्या बाजूला. वरच्या गेल्या. खालच्या थंड वाळूतल्या टुणटुणीत आहेत, लाल रंग मिरवतायत!

म्हणजे बांध खाली सरकवला, तर वाळू तिथे साठेल आणि शिंपल्या जगतील. आपल्या जमातीतल्या बाकी घरांनी सरकवलेसुद्धा. आई ऐकेल तर शपथ! मी म्हटलं, "अगं, आजीच्या वेळचा समुद्र राहिला नाही आता." तर म्हणते, "समुद्राचं मी बघून घेईन. तू दगडाला हात लावू नकोस." आणखी एक उन्हाळा असा गेला तर बियाण्यालाही शिंपली उरायची नाही. मला वाटलं, म्हातारीचा हट्ट.

काल राहवलं नाही. ती शिंपल्या धूत होती. विचारलं, "खरं सांग, भीती कसली वाटते?" मग टोपलीतच बघत म्हणाली, "बांध हलवायचा तर पहिला दगड घरच्या सगळ्या लेकींनी मिळून उचलायचा. एकीनेच उचलला, तर दुसरी कायमची गेली असं धरतात."

ताई, तू भांडून गेलीस तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. मला वाटायचं, तुला मनातून काढून टाकलं. आणि ही बाई तुझ्यासाठी अख्खा पट्टा घालवायला बसलीय! मला रडू फुटलं, तर माझ्यावरच खेकसली, "टोपली उचल आधी."

अमावास्येला ओहोटी खूप खाली जाईल. तिने तुला बोलावलेलं नाही, बोलावणारही नाही. मी बोलावतेय. तिच्याशी बोलू नकोस हवं तर. तो दगड मला एकटीलाही उचलवेल गं, पण मला तो एकटीने उचलायचा नाही.

तुझी,
दोघींतली धाकटी