सुटली म्हणा

रोटोटुना, हॅमिल्टन, न्यूझीलंड
१७ जून २००७

श्रीमती सुचित्रावहिनींना,
मधुकरचा सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल, तुम्हीही तिकडे खुशाल असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहितो. चि. गार्गी कशी आहे? तब्येत बरी आहे ना? कॉलेजला बसनं जाते की स्कूटर घेतली? घेतली असेल तर हेल्मेट घालायला सांगा. इचलकरंजीचे रस्ते मला माहीत आहेत.

पाकिटावरचा पत्ता आमच्या इराच्या हातचा आहे. माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल, अशी भीती होती. इरा सचिनची मुलगी, सात वर्षांची. तिनं विचारलं, "हू इज सुचित्रा?" म्हटलं, आजीच्या धाकट्या भावाची बायको. "डू आय नो हर?" म्हटलं, नाही. "डझ शी नो मी?" यालाही नाहीच म्हणावं लागलं. मग तिनं जीभ बाहेर काढून, फार काळजीपूर्वक पत्ता लिहिला.

इथे आता हिवाळा. सकाळी धुकं इतकं असतं की समोरचं घर दिसत नाही. दिसलं तरी फरक पडत नाही म्हणा, त्यात कोणी नसतं. सचिन आणि सूनबाई सिद्धी सकाळीच बाहेर पडतात, इराला शाळेत सोडून कामावर जातात. त्या सुमाराला गल्लीतल्या सगळ्या गराजांची दारं एकामागून एक वर जातात, गाड्या निघतात, दारं खाली येतात. मग संध्याकाळपर्यंत सामसूम. टपाल टाकणारा माओरी मुलगा मला "किआ ओरा" म्हणतो, म्हणजे इथला नमस्कार, मी त्याला "किआ ओरा" म्हणतो. पुष्कळ दिवस माझं घराबाहेरचं बोलणं तेवढंच असतं. एकदा एका मांजराला मी "काय, जेवण झालं का?" विचारलं. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून पोरांना गप्प बसवलं, त्याची फेड चालू असावी.

श्यामलाचं तुमच्या कानावर आलं असेल. नसेल तर मीच सांगतो. फेब्रुवारीत तिची पाठ दुखायला लागली. आम्ही दोघं म्हणालो वय झालं, गवती चहा घेतला, शेक घेतला. पाठीच्या कण्यात कॅन्सर निघाला. आता बरं करण्यासारखं काही नाही, दुखणं कमी ठेवायचं, असं डॉक्टर म्हणतात. माणसं फार चांगली आहेत, घरी नर्स येते, हात धरून बोलते. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या घेतल्या की हिला उलट्या, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. दोनदा गोळ्या बदलून पाहिल्या. मग हीच कमी घ्यायला लागली आणि टॉवेल दातात धरून पडून राहायला लागली. वहिनी, ही बाई बाळंतपणातसुद्धा ओरडली नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे. टॉवेल दातात धरलेला मला बघवत नव्हता.

आता पुढचं जरा वेगळं आहे. शेजारी नोएलीन नावाची बाई राहते, माझ्याच वयाची, विधवा. कुंपणाशी टोमॅटो लावते. तिनं एक दिवस विचारलं, बायको दिसत नाही हल्ली. मी सांगितलं. ती आत गेली आणि एक तपकिरी बाटली घेऊन आली, वर ड्रॉपर असलेली. तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत ती हे घरीच करायची. जिभेखाली थेंब टाकायचे, दुखणं जात नाही पण दूर जाऊन बसतं, असं ती म्हणाली. टोमॅटोच्या मागे जे उंच झाड होतं, त्याचं टिंक्चर. म्हणजे गांजाचं, वहिनी. आता तुमच्यापासून काय लपवायचं. इथे हे कायद्यात बसत नाही. सापडलो तर माझं काय होईल ते होवो, पण सचिनच्या नोकरीवर येईल.

तिच्याकडचं संपत आलं होतं. तिनं वाळलेला पाला दिला आणि कसं करायचं ते दाखवलं. टिंक्चर म्हटलं की आपल्याला शाळेतलं टिंक्चर आयोडीन, पोरांच्या गुडघ्यांना लावायचं. तत्त्व तेच, झाडातला गुण दारूच्या अर्कात उतरवायचा. त्यासाठी जन्मात पहिल्यांदा मी दारूच्या दुकानाची पायरी चढलो. सर्वांत कडक काय आहे, असं विचारलं. काउंटरवरच्या पोरानं माझ्या माकडटोपीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बिग नाइट, अंकल?" मी म्हटलं, येस. गराजमध्ये इराच्या सायकलमागे बरणी ठेवली, रोज घुसळायची, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. हिरवा, कडवट वास गराजभर. सचिन एकदा दारात उभा राहिला, नाक ओढलं आणि म्हणाला, "बाबा, इथे काय चाललंय ते मला माहीत नाही. आय डोन्ट वॉन्ट टु नो. फक्त दार लावत जा." आणि गेला. रात्री बरणीवर एक जुनी चादर टाकलेली सापडली, ती मी टाकली नव्हती.

बाटली घेऊन मी श्यामलाकडे गेलो. तिनं विचारलं, यात काय आहे? मी आपला विज्ञानाचा मास्तर, सगळं सांगून मोकळा झालो. गांजाला तिची काही हरकत नव्हती. "शंकराचंच आहे ते," म्हणाली. मग विचारलं, "आणि कशात काढलाय?" मी सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

वहिनी, आता तुम्हाला कळलं असेल मी का लिहितोय.

कृष्णाच्या तेराव्याला तुम्ही दारात उभ्या होतात. दारू बंद केल्यावर धाकट्या भावाचे हात कापायचे म्हणून श्यामलानं त्याला शेवटच्या महिन्यात "औषध म्हणून घे" करत ब्रँडी पाजली होती, आणि ते तुम्हाला त्याच दिवशी कोणीतरी सांगितलं होतं. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "वन्सं, पुन्हा औषध म्हणून जरी हे ओठाला लावलंत, तर माझ्या गार्गीच्या गळ्याची शपथ." आठ वर्षांची गार्गी तुमच्या मागे पदर धरून उभी होती. तुमचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आताही म्हणत नाही. पण बारा वर्षं हिनं ती शपथ कशी पाळली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल नाही ना, म्हणून त्याची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घ्यायची. होमिओपॅथीचे थेंब नाहीत. मागच्या नाताळात सिद्धीनं ऑफिसातून चॉकलेटं आणली, एकाच्या आत रम निघाली, तर हिनं बेसिनपाशी उभं राहून इतक्या चुळा भरल्या की इरा घाबरून रडायला लागली. त्या रात्री इचलकरंजीत कोणाला तरी फोन करून गार्गी बरी असल्याची खात्री करून घेतली, मगच झोपली.

मी हातापाया पडलो. तुपात करून पाहिलं, भांगेसारखं. तूप पोटात ठरेना. नोएलीननं ग्लिसरीनमध्ये करून दिलं, त्याला दम नव्हता. म्हटलं, अगं शपथेनं कोणाला काही होत नसतं. ती म्हणाली, "तुमच्या शाळेत होत नसेल. पोर तिची आहे. तिनं सुटली म्हटल्याशिवाय मी घेणार नाही."

म्हणून मी तुम्हाला फोन केला. आवाज ओळखून तुम्ही ठेवून दिलात. दुसऱ्यांदाही ठेवलात. मला राग आला नाही, निदान फार आला नाही.

त्या दुपारी श्यामलाच्या तोंडातल्या टॉवेलवर रक्त होतं, हिरडीचं. मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडून उगाच उभा राहिलो, परत आलो आणि म्हणालो, "सुचित्राचा फोन आला होता. तुझा डोळा लागला होता."

तिनं एकदम डोळे उघडले. "काय म्हणाली?"

"सुटली म्हणाली."

"नुसतं सुटली? की गार्गीचं नाव घेऊन?"

"नाव घेऊन," मी म्हणालो.

ती रडली. दुखण्यानं नाही. मग लहान मुलासारखा आ केला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी सुरुवातीला हेल्मेटची का चौकशी केली.

थेंब लागू पडले, वहिनी. अंगातलं दुखणं खरोखरच दोन हात लांब जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी हिनं मेतकूट-भात मागितला आणि वर तूप कमी पडलं म्हणून सिद्धीला टोचूनही बोलली. सिद्धी स्वयंपाकघरात येऊन आनंदानं रडली. आता ही उशीला टेकून बसते. सिद्धीकडून इथली मेंढीची लोकर आणवली आहे आणि गार्गीसाठी स्वेटर विणते आहे. माप विचारते. मला काय माहीत? मी सांगतो, वीस वर्षांच्या मुलीचं असतं तेवढं. तर म्हणते, "तुम्हाला एक गोष्ट धड सांगता येत नाही, सुचित्रालाच विचारीन." येईल त्याला सांगते, माझ्या भावजयीचा फोन आला होता, इंडियाहून, स्वतः होऊन. नर्सला सांगून झालं, नोएलीनला सांगून झालं. नोएलीन "स्वीट ॲज" म्हणाली, म्हणजे छानच झालं, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं.

मला सुखानं झोप यायला हवी होती. येत नाही. मी शपथ मानत नाही, कधीच मानली नाही. पण त्या दिवसापासून रोज ड्रॉपर उचलताना मला आठ वर्षांची गार्गी दिसते, पदर धरून उभी असलेली. घरातला फोन वाजला की वाटतं, गार्गीचंच काहीतरी असेल. हे कोणाजवळ बोलू? सचिनला सांगितलं तर तो म्हणेल, बाबा, यू आर अ सायन्स टीचर. श्यामलाला सांगता येत नाही. एरवी माझ्या मनातलं सगळं मी हिलाच सांगत आलो, दुसरं कोणी केलंच नाही. त्यामुळे आता हिच्याच शेजारी बसून मी एकटा आहे, आणि हे एकटेपण त्या बाहेरच्या सामसुमीपेक्षा वाईट आहे. ही गेल्यावर कसं असेल, त्याची ही तालीमच समजायची.

गेल्या रविवारी तुमच्याकडे एक फोन आला असेल, कोणी बोललं नसेल. तो मीच होतो. वाईट वाटून घेऊ नका. एका मुलीनं उचलला. "हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?" अगदी श्यामलाचा तरुणपणचा आवाज, तीच घाई. गार्गीच असणार. मला बोलायचं होतं, पण ती धडधाकट आहे एवढं ऐकलं आणि मी ठेवून दिला. ती एक रात्र मी झोपलो. सोमवारी पुन्हा तेच.

आता मागणं. पैशाअडक्याचं नाही, माफीचंही नाही. ती शपथ तुमची आहे, सोडवायची तर तुम्हीच. सुटली हा शब्द मागच्या तारखेपासून लागू होतो का, हे मला माहीत नाही, याचं पुस्तक नाही. पण तुम्ही म्हणालात तर माझं खोटं खरं होईल. आणि श्यामलाच्या हातून तुमच्या मुलीचं काही वाईट झालं नाही, हे खरं राहील. तिला तेवढंच जपायचं होतं.

फोन करणार असाल तर नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तुमची सकाळ ती आमची दुपार, तेव्हा ती जागी असते. एकच विनंती, पहिल्यांदा फोन करतेय असं बोलू नका.

करवत नसेल तर तेही मी समजेन. मग एवढंच करा, गार्गीला जवळ बोलवा, तिच्या डोक्यावर हात ठेवा आणि मोठ्यानं म्हणा. इथे ऐकू येणार नाही, तरी चालेल. मला मात्र एक ओळ लिहा, गार्गी बरी आहे एवढीच.

हे लिहीत असताना श्यामलानं विचारलं, कोणाला एवढं लांबलचक? म्हटलं, सुचित्रावहिनींना. ती म्हणाली, माझा नमस्कार लिहा, गार्गीला आशीर्वाद लिहा, आणि लिहा की मी वाट बघतेय. तर लिहिलं.

बिनतारी फोन तिनं उशाखाली ठेवला आहे. मला हात लावू देत नाही. वाजला, तर तीच उचलेल.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारा,
मधुकर