माळावरचं गाव

पुणे,
दि. ८ जून १९९७

ती. प्रज्ञाताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी पुण्याला सुखरूप पोचलो. आईला सांग, लाडू अजून शिल्लक आहेत.

आमच्या कंपनीचा जुना कॉम्प्युटर मी घरी ठेवून आलो, तो शोभेसाठी नाही. निघायची घाई होती म्हणून नीट सांगता आलं नाही. आम्ही ‘माळरान’ नावाचा एक खेळ तयार केला आहे. पडद्यावर मोकळा माळ असतो. त्यावर घरं, विहिरी, रस्ते, झाडं आपल्या मनाने मांडायची. जिंकणं नाही, हरणं नाही. पोरांना तो आवडतो. पण साहेबांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर विकत घेतो बाप आणि त्याला हात लावायला घाबरतोही बापच. घरातली वडीलधारी माणसं खेळात रमली तर खेळ चालेल. तेव्हा पंचावन्नच्या पुढच्या माणसांना खेळायला बसवून काय बदलायचं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे. असा रिकामा माणूस मला एकच आठवला.

टोचून लिहिलं म्हणशील. तीन वर्षांची नोकरी शिल्लक असताना अण्णांनी एस.टी.ची ड्रायव्हरकी सोडली, आणि मला इंजिनिअरिंग अर्धवट टाकून नोकरी धरावी लागली. कारण विचारलं तर कंटाळा आला, एवढंच म्हणाले. तो कंटाळा मी अजून विसरलेलो नाही. माझ्याशी ते बोलणार नाहीत. तू त्यांना बसव आणि ते जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव.

आईला नमस्कार. तुझ्या शाळेच्या व्यापातून माझ्यासाठी थोडा वेळ काढ.
तुझा,
सम्राट


संगमनेर,
दि. ६ जुलै १९९७

चि. सम्राटास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही घडतच नव्हतं. अण्णांनी तुझ्या कॉम्प्युटरवर आईचं जुनं लुगडं झाकून ठेवलं होतं. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाले. मग एक दिवस मी शाळेतून आले तर लुगडं बाजूला, आणि अण्णा माऊस धरून बसलेले. स्टिअरिंग धरावं तसा घट्ट.

आता त्यांचं म्हणणं ऐक. दोनदा पटपट दाबायला सांगतोस, तर दुसऱ्यांदा दाबेपर्यंत त्यांचा हात सरकतो. चूक झाली की खेळ खेकसतो, ते त्यांना आवडत नाही. मधेच वादळ येऊन घरं पाडतं. त्यावर म्हणाले, पोरांना मजा वाटत आसंल, आमाला न्हाई, वादळं बघून झाल्यात. आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की गावातली माणसं सारखी चालतात. कुणी बसतच नाही. एक पार कर आणि माणसांना टेकू दे, असा निरोप आहे.

घरं बांधायच्या आधी त्यांनी एक लांब रस्ता केला. तो कुठं जातो, असं आईने विचारलं. आधी होऊ दे, मग बघू, म्हणाले. आई रोज शेजारी पाट घेऊन बसते आणि कोणतं घर कुणाचं ते ठरवते. तिचीही एक मागणी आहे, घरांतून धूर निघायला हवा. चूल पेटलेली नसेल तर घरात माणूस आहे हे कळायचं कसं, असं तिला वाटतं.

तुझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पण ‘त्याला सांग’ असं दिवसातून चारदा म्हणतात. यावरून काय ते समज, आणि वेळेवर जेवत जा.
तुझी,
ताई


पुणे,
दि. २७ जुलै १९९७

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. ते इतके खूश झाले, की तुझ्या वडिलांना पगार सुरू करायला पाहिजे म्हणाले. ही गोष्ट अण्णांना सांगू नकोस, खरोखर मागतील.

सोबत नवी फ्लॉपी पाठवतो आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधली आहे, पोस्टात वाकू नये म्हणून. आता एकदाच दाबलं की पुरतं. खेळ खेकसत नाही. वादळ नको असेल तर बंद करता येतं. पार केला आहे, संध्याकाळ झाली की माणसं तिथं येऊन बसतात. आईचा धूरही घातला आहे. हे सगळं मला आधी का सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

शिवाय साहेबांनी एक भर घातली. म्हाताऱ्या माणसांची नजर कमी, म्हणून अक्षरं दुप्पट आणि घरंही दुप्पट मोठी केली आहेत. एक घर आता पाव पडदा व्यापतं. साहेबांच्या सासऱ्यांनी चष्मा न लावता खेळून पाहिलं. अण्णांचं गाव नव्या खेळात आपोआप येईल, पुसलं जाणार नाही. जुनी फ्लॉपीही राहू दे.

सगळ्यांना माझी आठवण सांग, अगदी सगळ्यांना.
सम्राट


संगमनेर,
दि. २४ ऑगस्ट १९९७

चि. सम्राटास,
आशीर्वाद. हे पत्र हसत वाचायचं नाही.

नवा खेळ आला आणि अण्णा उठून गेले. गाव तोडलं म्हणाले. मी पाहिलं तर गाव जिथल्या तिथं होतं, फक्त मोठं झालं होतं. पार पाहून आई हरखली. अण्णांना पार दाखवला तर इकडे तिकडे मान फिरवत राहिले. शेवटी जुनी फ्लॉपी घाल म्हणाले.

जुन्या खेळात मला एक गोष्ट दिसली. त्यांचं सगळं गाव पडद्याच्या मधोमध आहे. एकमेकांना खेटून घरं, आणि चारी बाजू ओसाड. मग त्यांच्या नकळत मी डाव्या कोपऱ्यात तांबड्या कौलांचं एक घर बांधून ठेवलं. आठवडा गेला. ते रोज बसायचे, पण ते घर त्यांनी पाहिलं नाही. शेवटी मी सहज विचारलं, की कोपऱ्यातलं घर कुणाचं. कुठलं घर, म्हणाले. आणि तोंड काचेजवळ नेऊन, दाराच्या फटीतून बघावं तसे पडद्यावर सरकत सरकत गेले. सापडलं. कॉम्प्युटर बंद करून बाहेर गेले आणि जाताना चौकटीला खांदा आपटला.

आई म्हणते, हे लई दिवसाचं हाय. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहते आणि चटणी वाढली नाही म्हणून तिच्यावरच चिडतात. पाण्याचा तांब्या लवंडला की मी त्यांना बोलत आले. आता त्याची लाज वाटते. दवाखान्याचं नाव काढलं तर पेपर उघडून खडाखडा वाचून दाखवतात.

मला भीती वाटते आहे. लगेच उत्तर पाठव.
ताई


पुणे,
दि. २८ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
जयभीम. तुझं पत्र घेऊन मी इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. हा काचबिंदू असावा, असं म्हणाले. यात नजर कडेकडेने जाते. समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणूस पेपर वाचतो आणि घरच्यांना काही कळत नाही. आपण सगळं मोठं केलं आणि त्यांना दिसत होतं त्यातलंही अर्धं काढून घेतलं.

उशीर करू नकोस. नगरला मोठा दवाखाना आहे, तिकडे ने. येणार नाही म्हणाले तर सांग, की कंपनीला खेळासाठी डोळ्यांचा दाखला लागतो. खोटं आहे, पण त्याने काम होईल. मला यायचं होतं. दिवाळीला खेळ बाजारात आणायचा म्हणून साहेब सोडत नाहीत. खरं तर मी नीट मागितलीही नाही रजा. त्यांच्यासमोर येऊन काय बोलू, ते कळत नाही.
सम्राट


संगमनेर,
दि. १४ सप्टेंबर १९९७

चि. सम्राटास,
आशीर्वाद. दाखल्याचं सांगितल्यावर अण्णा मुकाट्याने निघाले. काचबिंदूच आहे.

तिथं त्यांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत बारीक उजेडाचे ठिपके उमटतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मागे उभी राहून मला ठिपके दिसत होते. एकामागून एक येत होते आणि अण्णांचा अंगठा हलत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. डावा डोळा जवळजवळ संपला आहे. उजव्याचं जे उरलं आहे ते थेंबांनी जितकं टिकेल तितकं खरं.

परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. लोणी गाव मागे पडल्यावर आपणहून बोलायला लागले. नोकरीच्या शेवटच्या वर्षी चंदनापुरी घाट उतरल्यावर एक सायकलवाला डाव्या बाजूने आला. तो अगदी गाडीसमोर येईपर्यंत त्यांना दिसलाच नाही. काही झालं नाही. सायकलवाला आपल्या वाटेने गेला, त्याला कळलंही नाही. अण्णांनी गाडी डेपोत लावली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. डोळे तपासायचे तेव्हा समोरची अक्षरं वाचायला लावायचे, ती ते नीट वाचायचे. आणि मागं पन्नास माणसं बसलेली आसत्यात, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेरचं त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

घरी आल्यावर मला म्हणाले, त्याला कळव, दाखला मिळाला. तुझं खोटं त्यांना नगरला निघतानाच कळलं होतं.

सांभाळून राहा. इथली काळजी मी करते, तुझ्या वाटणीचीही.
ताई


पुणे,
दि. ५ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णांस,
सम्राटचा कृतानेक जयभीम. मला जे लिहायचं आहे ते जमत नाही. दोन कागद फाडले. म्हणून खेळाचंच लिहितो.

सोबतची फ्लॉपी तुमच्यासाठी केली आहे. घरं पुन्हा लहान केली. तुम्ही माऊस न्याल तिकडची जागा आपोआप पडद्याच्या मधोमध येईल. म्हणजे तुम्ही कोपऱ्याकडे जायचं नाही, कोपरा तुमच्याकडे येईल. गावाची शीव आली की एक बारीक आवाज होतो. पार ठेवला आहे.

असा खेळ विकायच्या पेटीत घालावा म्हणून मी साहेबांशी भांडलो. एका माणसाच्या डोळ्यांसाठी खेळ करत नसतात, म्हणाले. दिवाळीला मोठ्या अक्षरांचाच येणार आहे. पेटीवर वडीलधाऱ्यांसाठी खास, असं छापलं आहे. कंपनीचा कॉम्प्युटरही ते परत मागत आहेत. जमेल तितके दिवस मी थोपवून धरतो.

थेंब चुकवू नका. तुमचा आशीर्वाद असू द्या. मागायचा हक्क मला किती, ते तुम्हीच ठरवा.
सम्राट


संगमनेर,
दि. २ नोव्हेंबर १९९७

चि. सम्राटास,
अण्णाचा आशीर्वाद. पत्र माझ्या हाताने लिहितो आहे. ओळी वरखाली झाल्या तर समजून घे.

खेळ चांगला केलास. आता गाव माझ्याकडे येतं. ताईने बांधलेलं कोपऱ्यातलं घर रस्त्याला जोडलं. तुझ्या साहेबाचं चुकलं नाही. गाडी सगळ्यांसाठी असते, एका उतारूसाठी मार्ग बदलत नाहीत.

मी नोकरी सोडली तेव्हा तुला खरं सांगितलं असतं, तर तू कॉलेज तर सोडलं असतंसच, वर माझा हात धरून घरीही बसला असतास. कंटाळा म्हणालो तर तू रागावून का होईना, पुण्याला गेलास. ते बरं झालं. बाप रिकामा आहे असं तुला वाटायचं, ते मला दिसत होतं. त्या वेळी तेवढं दिसत होतं.

उजवा डोळा संध्याकाळी दमतो. मग तुझी आई बना सांगते, कोण कुठं बसलंय, कुणाच्या घरी धूर निघाला. अक्षरओळख नाही, पण तिला सगळं गाव तोंडपाठ आहे.

थंडी पडली आहे. अंगावर घेऊन निजत जा.
सोपान


संगमनेर,
दि. १९ एप्रिल १९९८

चि. सम्राटास,
आशीर्वाद. तुला खेळाच्या कामावरून काढल्याचं कळलं. मोठ्या अक्षरांचा खेळ कुणी फारसा घेतला नाही, यात तुझा दोष काय, ते मला तरी कळत नाही. दुसरीकडे बघतो आहेस हे बरं.

अण्णांचा उजवा डोळाही गेला. तू विचारशील म्हणून सरळ लिहिते. थेंब एकही चुकला नव्हता. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. अंगणापर्यंत जातात, तेही आईच्या खांद्यावर हात ठेवून. बोलणं कमी झालं आहे.

मागच्या महिन्यात तुमच्या कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन आला. मला वाटलं होतं, अण्णांना कळू द्यायचं नाही. पण त्यांनीच टेबलामागे हात घालून वायरी सोडवल्या, गुंडाळून त्याच्या हातात दिल्या आणि पडदा सांभाळून ने म्हणाले. टेबल अजून तिथंच आहे. वर काही नाही.

तरी रोज संध्याकाळी अण्णा त्या टेबलासमोर बसतात आणि आई पाटावर. ते विचारतात, काय चाललंय गावात. आणि आई सांगते. पारावर दोघं बसल्यात, कोपऱ्यातल्या घरी चूल पेटली, विहिरीवर बाई आली. रिकाम्या टेबलाकडे बघून सांगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. आता मीही वह्या तपासत तिथंच बसते.

काल आई म्हणाली, रस्त्याला एस.टी. आली. तुझ्या खेळात एस.टी. नाही, हे मला माहीत आहे, अण्णांनाही माहीत आहे. ते जरा पुढे वाकले आणि विचारलं, की कोण उतरलं. आई बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, लांब हाय अजून, मला नीट दिसंना.

वाट पाहते.
तुझी,
ताई