पन्नास विरुद्ध पन्नास

शनिवार, २५ एप्रिल १९८७

प्रिय सॉल्वेग,

मी खुशाल आहे. तूही असशील असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस. ईस्टरला पाठवलेला हॅमचा डबा मिळाला. अर्धा आमच्या घरमालकीणबाईंनीच संपवला आणि वर म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय." अधिवेशन गुरुवारी संपलं. बाकीचे आमदार शुक्रवारी सकाळीच पांगले, मीच खोली धरून बसलोय. "मिस्टर ट्वाइट, निघताय कधी?" असं बाई येता-जाता विचारतात. गाडीचं काम निघालंय, असं सांगतो. गाडी ठणठणीत आहे.

आधी कामाचं सांगतो. दोन वर्षांतून एकदा नव्वद दिवस भरणारा आमचा बाजार, त्या मानाने बरंच झालं म्हणायचं. नदीवरचा पूल दुरुस्त होणार. शाळेच्या बसगाड्यांना हिवाळी टायर मिळतील. गुरांवर मालकीची खूण म्हणून देतात त्या डागांच्या नोंदणीवरून आम्ही चार दिवस भांडलो, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

आणि अँब्युलन्सचं विधेयक पडलं.

ते तू पेपरात वाचलंच आहेस. विरोधात मत देणाऱ्यांच्या यादीत माझं नावही वाचलंस. आपल्या काउंटीतली एकुलती एक अँब्युलन्स राज्याच्या पैशाने चालू ठेवायचं विधेयक माझं, मांडलं मी, आणि विरोधातही मीच. कॅफेतल्या बर्निसने फोनवर सांगितलं, तू पेपर टेबलावर आपटलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमदारसाहेबांना कुणीतरी विकत घेतलेलं दिसतंय!" विकत कुणी घेतलं नाही गं. तेवढा मोठा मी कधी नव्हतोच.

आमच्याकडे एक नियम आहे. पडलेलं विधेयक पुन्हा विचारात घ्या, असं म्हणायचा हक्क फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाला असतो. म्हणून आपलं विधेयक पडतंय असं दिसलं, की मांडणारा शेवटच्या क्षणी स्वतःच विरोधात मत देतो. मग मधल्या वेळात एखाद्याला वळवायचं आणि दुसऱ्या दिवशी फेरमतदान मागायचं. जुने आमदार हे डोळे मिटून करतात. मीही केलं. पण सभागृहाने त्याच दिवशी साडेचार वाजता, एक दिवस आधीच, अधिवेशन गुंडाळलं. माझा 'दुसरा दिवस' आलाच नाही.

पेपरवाल्यांना मी एवढंच सांगितलं. त्यांना पटलं. तुलाही एवढंच सांगायचं ठरवलं होतं, आणि ते खोटंही नाही. पण दोन दिवस झाले, पत्र इथवर येतं आणि मी कागद फाडतो.

जानेवारीत मी निघालो तेव्हा तू म्हणाली होतीस, "त्या मॅकवेला मी पत्र लिहिते." ऑरिन मॅकवे, दक्षिणेकडचा तो म्हातारा, ज्याने तीन महिने प्रत्येक समितीत माझं विधेयक हाणून पाडायचा प्रयत्न केला. 'ज्या गावाला अँब्युलन्स हवी, त्या गावाने ती चालवावी,' हे त्याचं पालुपद. मी तुला हसलो होतो. म्हणालो होतो, "पत्रांनी इथे मतं फिरत नसतात, ताई. त्याला डावपेच लागतात. तू या भानगडीत पडू नकोस." तू म्हणालीस, "बरं, साहेब." आणि लिहिलंस. मला कळू न देता.

गुरुवारी दुपारी भिंतीवरच्या फलकावर सगळ्यांचे दिवे लागले. हिरवे पन्नास, लाल पन्नास. बरोबरी झाली की विधेयक पडतं. सभापतींनी विचारलं, "कुणाला मत बदलायचंय?" मी बटण दाबून माझा दिवा लाल केला आणि फलकाकडे न बघता बाहेर धावलो. एक काठावरचा आमदार कॉफी प्यायला निघाला होता, तो हातातून जायला नको म्हणून.

तासाभराने सगळं आटोपल्यावर कोट घेताना मॅकवे भेटला. एवढा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"काय माणूस आहेस तू, ट्वाइट? तीन महिने माझ्या मागे लागलास, आणि मी आलो तेव्हा तूच निघून गेलास?"

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. मी लाल बटण दाबलं त्याच क्षणी त्याने हिरवं दाबलं होतं. म्हणून आकडा हलला नाही, पन्नास-पन्नासच राहिला. मी जागेवर नुसता हात बांधून बसलो असतो, तरी एक्कावन्न झाले असते.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून तुझं पत्र काढलं. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता. "हिने माझ्याकडे काही मागितलेलंच नाही," तो म्हणाला. "लेलंड स्वयंपाकघरात कोसळला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन ही सत्तर मिनिटं अँब्युलन्सची वाट बघत बसली, आणि त्याला बरं वाटावं म्हणून कोंबड्यांच्या गोष्टी सांगत राहिली, एवढंच लिहिलंय. बायकोला वाचून दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही." कागद परत खिशात ठेवत म्हणाला, "बहिणीला सांग, पत्र पोचलं."

कोंबड्यांचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुझा नवरा कसा गेला हे मी नव्वद दिवस भाषणांतून सांगत होतो, आणि मला ते माहीतच नव्हतं.

तीस जूनला पैसे संपतील आणि आपली अँब्युलन्स शेजारच्या काउंटीत जाईल. पुढचं अधिवेशन एकोणनव्वदच्या जानेवारीत. मधल्या दोन हिवाळ्यांत आपल्याकडे कुणाच्या स्वयंपाकघरात कोण पडेल, याचाच विचार डोक्यात घोळतो. फार वाईट वाटतं, सॉल्वेग. स्वतःची लाज वाटते.

बर्निसला, पेपरवाल्याला, ज्याला सांगायचं त्याला हे सांग. मी नाही म्हणणार नाही. सोमवारी निघतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. निरोप तेवढा माझ्याकडे अडकून राहायला नको होता. तुझं पत्र पोचलं होतं, ताई. तू जिंकली होतीस.

तुला हरवणारा तुझा भाऊ,
आर्विद