बेचारी

शनिवार संध्याकाळ, अल कुसैस, दुबई

कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या, मी गणित शिकवते त्या मोफत शिकवणीला आज कंपनीचे मोठे साहेब आले होते. सातवीतल्या नायजेरियन ग्रेसकडे बघत मला म्हणाले, "बेचारी. इसको आसान वाला दो." तिला हिंदी कळणार नाही असं धरूनच. पण ती वाढली इथेच, आपल्या लोकांच्या शेजारात. ती म्हणाली, "बेचारी नहीं हूँ, सर. मुश्किल वाला दो."

साहेब हसले. नवं दप्तर तिच्या हातात देऊन फोटो काढला.

बेचारी! डोक्यातून जातच नाहीये. कंपनीने छापलेली तिची गणितं घरी लेकीला दाखवली. "आई, धिस इज ग्रेड फोर." काळ्या मुलांना एवढंच झेपतं, हे कुणी ठरवलं?

खलास, आता बास. पुढच्या शनिवारी सातवीची गणितं नेणार. साहेबांनी विचारलं, "कुणी मागितली?" तर सांगेन, "बेचारीने."